बर्लिनमध्ये जेवायचं कुठे? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



आपल्या मंडळात कुणाच्या मुलाला जर्मनीतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला की पेढ्यांचा पुडा फिरायच्या आत एक प्रश्न फिरतो. "बर्लिनला? अगं, पण तिथे जेवायचं कुठे?" फी, थंडी, भाषा हे सगळं नंतर. आधी जेवण. मुलांना या प्रश्नाचं हसू येतं. "आई, तिथे सगळं मिळतं," म्हणत ती मोबाइलवर दहा हॉटेलांची नावं दाखवतात. पण आपल्याला नावं नको असतात. आपल्याला मनाची खात्री हवी असते.

हा प्रश्न आपल्या घरांमध्ये दीडशे वर्षं तरी विचारला जातोय. पूर्वी बर्लिनच्या जागी मुंबई होती, पुणं होतं, कोल्हापूर होतं. मुलगा शिकायला किंवा पेढीवर कामाला निघाला की आईच्या डोळ्यांत हीच काळजी असायची. तिला उत्तरं कशी मिळत गेली, ती आज लिहायची आहेत. मी कॉमर्सची, त्यामुळे माझं डोकं खातेवहीच्या वळणानं चालतं. मला या एका प्रश्नात दोन खाती दिसतात. पहिलं खातं: ताटात काय आहे? दुसरं खातं: ताटाला हात कुणाचा लागला आहे? आपण ही दोन्ही वर्षानुवर्षं एकाच पानावर लिहीत आलो. एका पानावर दोन खाती मिसळली की ताळेबंद जुळत नाही, हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

घराबाहेर, पण आपल्यातच

रेल्वे येण्याआधी प्रवास म्हणजे यात्रा किंवा व्यापार. यात्रेच्या ठिकाणी धर्मशाळा आणि भोजनशाळा असायची. आपल्या नाशिकजवळ म्हसरूळला गजपंथ आहे, सटाण्याकडे गेलं की मांगी-तुंगी आहे. अशा तीर्थांच्या भोजनशाळेत आजही कुणाला काही विचारावं लागत नाही. पाणी उकळलेलं, कंदमूळ नाही, आणि संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. तिथे खात्री ताटाबरोबरच वाढलेली असते. व्यापाराच्या गावी नातेवाईक किंवा आडत्याचं घर असायचं. कुठेच काही नसलं तर दशमी, खाकरा, मेथीची पोळी आणि लोणच्याची बरणी सोबत असायची.

1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पुढच्या दहा-बारा वर्षांत थळ घाट आणि बोर घाट ओलांडून ती नाशिककडे आणि पुण्याकडे पोहोचली. त्याच काळात मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. माणसं यात्रेसाठी नाही, तर पोटासाठी आणि शिक्षणासाठी शहरात राहायला लागली. यात्रा आठ दिवसांत संपते. नोकरी तीस वर्षं चालते. तीस वर्षं दशमी कशी पुरणार?

मुंबईनं यावर तीन उत्तरं काढली. एक, खानावळ. गिरणगावात गावाकडून आलेल्या बाया आपल्याच गावच्या, आपल्याच जातीच्या कामगारांना महिन्याच्या पैशांवर जेवू घालायच्या. दुसरं, डबा. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी घरून डबे पोहोचवायचं काम सुरू केलं, असं डबेवाले स्वतः सांगतात. आपल्या गुजराती-मारवाडी जैन पेढ्यांसाठी ही फार मोठी सोय होती. माणूस दुकानात, चूल घरी, आणि दोन्हींच्या मध्ये रोज धावणारा वारकरी. तिसरं उत्तर दानशूर माणसांनी दिलं. शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी मुंबईत सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा बांधली, वडिलांच्या नावानं हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग काढलं, आणि महाराष्ट्रातल्या इतर गावांतल्या बोर्डिंगांनाही हात दिला. आपल्यातली पहिली डॉक्टर-वकील पिढी या बोर्डिंगांच्या पंगतीत जेवून शिकली. ते ऋण मोठं आहे.

या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी होती. माणूस घराबाहेर पडला होता, पण जेवत होता आपल्यातच.

चहाचा एक पेला

शहरात सगळं आपल्यातच कसं राहणार? ही भिंत पहिल्यांदा वाजत-गाजत तडकली ती पुण्यात, आणि कारण काय, तर चहा-बिस्किटं. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. चाळीसहून अधिक नामवंत मंडळी हजर होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी ही नावं छापायला दिली, आणि 'पुणे वैभव'मधून ती गावभर झाली. सनातनी मंडळींनी बहिष्काराची मागणी केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनीही 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं.

या गोष्टीत कुणी विचारलं नाही की बिस्किटात काय होतं. अंडं होतं का, चरबी होती का, याची चौकशी नव्हती. चौकशी होती ती पेला कुणाच्या हातचा होता याची. म्हणजे दुसरं खातं.

ही गोष्ट ब्राह्मण समाजाची, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. तीनच वर्षांनी आपल्याकडे तेच घडलं. 1893 मध्ये शिकागोला सर्वधर्मपरिषद भरली. निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी म्हणजे आत्मारामजी महाराजांना आलं. साधू वाहनात बसत नाहीत, म्हणून त्यांनी मुंबईचे वीरचंद राघवजी गांधी यांना तयार करून पाठवलं. वीरचंदभाई तेव्हा 29 वर्षांचे होते. शत्रुंजयाच्या यात्राकराच्या तंट्यात त्यांनी समाजासाठी काम केलं होतं. परिषदेत त्यांनी जैन धर्म मांडला आणि परदेशातही शाकाहार सोडला नाही. तरी ते परतल्यावर समुद्र ओलांडला म्हणून त्यांना संघाबाहेर काढा, असं म्हणणारे लोक इथे उभे राहिले. आत्मारामजी महाराज पाठीशी होते म्हणून निभावलं. ज्यानं सातासमुद्रापार नियम पाळून दाखवला, त्यालाच आपण दोषी धरायला निघालो होतो. 1901 मध्ये ते गेले तेव्हा वयाची 37 वर्षंही पुरी नव्हती.

कोल्हापूरच्या बोर्डिंगची पंगत

मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट कोल्हापूरची आहे. कुंभोजला जन्मलेला एक जैन मुलगा, भाऊराव पायगोंडा पाटील, राजाराम हायस्कूलमध्ये शिकायला आला आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागला. छत्रपती शाहू महाराजांचा तो काळ. महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उघडायचा सपाटा लावला होता. 1908 च्या सुमारास अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. भाऊराव त्या समारंभाला जाऊन आले. बोर्डिंगच्या चालकांनी सांगितलं, स्नान करून शुद्ध हो, मगच आत ये. भाऊरावांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं.

थोडं थांबून या प्रसंगाकडे बघू या. त्या मुलानं मांस खाल्लं नव्हतं. कंदमूळ खाल्लं नव्हतं. रात्री जेवला नव्हता. पहिल्या खात्यात त्याच्या नावे एक पैसाही उधार नव्हता. तो फक्त काही माणसांजवळ जाऊन बसला होता. आपल्या कुठल्या अणुव्रतात माणसाजवळ बसल्यानं दोष लागतो असं सांगितलं आहे? भगवंतांच्या समवसरणात तर पशुपक्षीही शेजारी बसतात, असं आपण मुलांना कौतुकानं सांगतो.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र रांधायची आणि एका पंगतीत जेवायची. 1927 मध्ये महात्मा गांधी तिथे आले आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

या गोष्टीतलं एक नाव मात्र आपण बायकांनी लक्षात ठेवायला हवं. लक्ष्मीबाई. भाऊरावांची पत्नी, आपल्यासारखीच सोवळ्याओवळ्यात वाढलेली जैन घरची सून. वसतिगृहात धान्य संपलं की ती आपला एकेक दागिना काढून देत गेली. शेवटी मंगळसूत्रही गेलं. ज्या मुलांची सावली नको असं तिला लहानपणी शिकवलं गेलं असेल, त्याच मुलांची ती आई झाली. तिनं पहिलं खातं सोडलं नाही. दुसरं मात्र कायमचं बंद केलं. त्यासाठी तिला कुठलं पुस्तक वाचावं लागलं नाही. भुकेली मुलं समोर होती, एवढं पुरलं.

हॉटेलचं दार

त्याच कोल्हापुरात हॉटेलच्या इतिहासातली एक मोठी घटना घडली. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी असलेले अस्पृश्य समाजातले गृहस्थ. सवर्णांकडून त्यांना मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करायला मदत केली. त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक यायला कचरत होतं. मग महाराज स्वतः तिथे येऊन चहा घेऊ लागले. राजा चहा पितो म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींना नाही म्हणता येईना.

बाकी ठिकाणी मात्र दार अर्धंच उघडं होतं. अमुक जातीची खानावळ अशा पाट्या शहरांत उघड लागायच्या. खेडोपाडी चहाच्या दुकानाबाहेर वेगळे कप टांगलेले असायचे. आपल्या नाशिकमध्ये 1930 च्या मार्च महिन्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो देवळाच्या दारासाठी होता. पण ज्यांना देवळाचं दार बंद होतं त्यांना चहाच्या दुकानाचं दारही उघडं नव्हतं. म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात चक्क उपाहारगृहांचा उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग, वंश किंवा जन्मस्थान यांवरून दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथे कुणालाही अडवता येणार नाही. 26 जानेवारी 1950 पासून हा कायदा आहे. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा नवल वाटलं, की देशाच्या सर्वोच्च पुस्तकात हॉटेल कशाला? वरच्या सगळ्या गोष्टी वाचल्यावर नवल वाटत नाही.

याच काळात उडुपी हॉटेलं वाढली. 1940 च्या सुमारास माटुंग्याला कॅफे मद्रास, 1942 मध्ये ए. रामा नायक यांचं उडुपी भोजनगृह. उडुपीच्या कृष्ण मठाच्या परंपरेतला स्वयंपाक मुळात कांदा-लसणाशिवायचा, त्यामुळे आपल्या माणसांना तो जवळचा वाटला. इडली, डोसा, फिल्टर कॉफी. कोण वाढतो, शेजारच्या टेबलावर कोण बसलं आहे, हे विचारायला तिथे कुणाला वेळ नव्हता. लोकलची वेळ गाठायची होती. धर्मसभांना जे जमलं नाही, ते काही अंशी मुंबईच्या घाईनं केलं.

आपण बायका कधी बाहेर जेवलो?

आतापर्यंतच्या सगळ्या कथांत जेवणारे पुरुष आहेत. बायका रांधणाऱ्या, डबा भरणाऱ्या, दागिने देणाऱ्या. आपल्या सासूबाईंच्या पिढीत हॉटेलात जाणं म्हणजे घरंदाज बाईचं लक्षण नव्हतं. पुढे हॉटेलांत 'फॅमिली रूम' आल्या. लाकडी फळ्यांचा आडोसा, पुढे पडदा, आत चार खुर्च्या. माझ्या वयाच्या मैत्रिणींना तो पडदा आठवत असेल. पडद्याआड बसून मागवलेल्या मसाला डोशातली बटाट्याची भाजी बाजूला काढायची, की साधा डोसाच मागवायचा, हा विचार वेटर येईपर्यंत चालायचा. तरीसुद्धा ते एक जेवण असं असायचं, जे आपण रांधलेलं नव्हतं आणि ज्याची भांडी आपल्याला घासायची नव्हती.

दुसऱ्या बाजूला, दुसऱ्यांसाठी रांधून संसार चालवणाऱ्या बायका होत्या. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पोळीभाजीला व्यवसायाचा मान मिळाला. आज नाशिकमध्ये आपल्या कितीतरी भगिनी जैन डबे पुरवतात. त्यांच्या धंद्याची पणजी ती गिरणगावची खानावळवाली आहे, हे त्यांनी अभिमानानं सांगावं.

'जैन' नावाचा शब्द

दुसऱ्या खात्याची भीती शहरांत हळूहळू ओसरली. मग पहिलं खातं उघडं पडलं, कारण शहराचं खाणं बटाट्यावर उभं होतं. गंमत बघा, 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगिजांनी आपल्याला दिला. 1966 मध्ये अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेर वडापाव विकायला सुरुवात केली असं मानलं जातं, आणि काही वर्षांत मुंबईचं पोट त्यावर चालू लागलं. नाशिकहून मुंबईला जाताना कसाऱ्याला वड्याचा वास डब्यात शिरला की आपली मुलं आपल्या तोंडाकडे बघायची.

यावर तोड काढली ती कच्च्या केळ्यानं. केळ्याचा वडा, केळं-मटार-कोबीची पावभाजी, बटाट्याऐवजी मूग आणि हरभरे घातलेली पाणीपुरी. गाडीवाल्यांनी पाटीवर दोनच अक्षरं वाढवली: 'जैन'. पुढे हाच शब्द विमानातही चढला. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात जैन जेवणासाठी 'व्ही-जे-एम-एल' अशी चार अक्षरांची खूण आहे. तिकीट काढताना ती नोंदवायची. वीरचंदभाईंना समुद्र ओलांडल्याबद्दल जाब विचारणाऱ्या समाजाचा स्वयंपाक आता समुद्रावरून उडताना वाढला जातो.

पण पाटीवरचा शब्द आपल्या नियमापेक्षा लहान आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. हॉटेलवाल्यासाठी 'जैन' म्हणजे कांदा, लसूण, बटाटा नाही. गाजर, बीट, मुळा, आलं राहू शकतं. अळंबी राहू शकते. पाणी कसलं, पीठ कधीचं, जेवणाची वेळ कोणती, हे त्या शब्दात मावत नाही. म्हणजे पाटी आली तरी विचारायचं काम आपल्याकडेच राहिलं.

आता बर्लिन

जर्मनी आपल्याला तशी परकी नाही. हर्मान याकोबी या जर्मन पंडितांनी 1879 मध्ये कल्पसूत्राची चिकित्सक आवृत्ती छापली आणि 1884 मध्ये आचारांग व कल्पसूत्राचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. शार्लोटे क्राउझे ही जर्मन विदुषी 1925 च्या सुमारास भारतात आली, तिनं जैन व्रतं स्वीकारली, सुभद्रादेवी हे नाव घेतलं आणि आयुष्य इथेच घालवलं. शाकाहाराची चळवळही तिथे जुनी आहे. 1867 मध्ये एडुआर्ड बाल्त्सर यांनी नॉर्डहाउझेनला शाकाहारींची संघटना काढली. 1893 मध्ये बर्लिनजवळ ओरानिएनबुर्गला 'एडन' नावाची शाकाहारी फळबागायतदारांची वसाहतच वसली. 2011 मध्ये बर्लिनला फक्त व्हीगन माल विकणारं सुपरमार्केट उघडलं. व्हीगन म्हणजे दूधसुद्धा नाही.

तरी आपल्या मुलांची अडचण खरी आहे, कारण जर्मनी हा बटाट्याचा देश. प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानं 1756 मध्ये शेतकऱ्यांना बटाटा लावायचा हुकूम काढला. बर्लिनजवळ पॉट्सडामला त्याची समाधी आहे, आणि तिच्यावर लोक फुलांच्या जोडीला बटाटे ठेवतात! कंदमूळ त्यागणाऱ्या मुलानं अशा देशात जाऊन काय करावं?

मी मुलांकडून आणि वाचनातून जे जमवलं आहे ते सांगते.

पहिली गोष्ट, भारतीय हॉटेल दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. परदेशातल्या बहुतेक भारतीय हॉटेलांत सगळ्या भाज्यांसाठी कांदा-लसणाची एकच ग्रेव्ही आधी शिजवून ठेवलेली असते. ती काढता येत नाही. त्यापेक्षा समोर ताजं करून देणारं इटालियन दुकान सोपं पडतं. टोमॅटो आणि तुळशीसारख्या पानांचा पिझ्झा किंवा पास्ता मागवता येतो, फक्त सॉसमध्ये लसूण आहे का ते विचारायचं. पास्त्यात अंडं असू शकतं, तेही विचारायचं. चीजचा प्रश्न वेगळा. खरं पार्मेझान चीज नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेटनंच जमवतात, त्यामुळे ते नको म्हणून सांगायचं.

दुसरी गोष्ट, 'व्हीगन' पाटीनं अर्धं काम होतं. अंडं, जिलेटिन, रेनेट, मध हे सगळं एका फटक्यात जातं. पण कांदा, लसूण, बटाटा आणि अळंबी तिथे भरपूर असतात. म्हणून मुलांना तीन जर्मन शब्दसमूह पाठ करायला लावा: 'ओने त्स्वीबेल्न' म्हणजे कांद्याशिवाय, 'ओने क्नोब्लाउख' म्हणजे लसणाशिवाय, 'ओने कार्टोफेल्न' म्हणजे बटाट्याशिवाय. पुढे 'बिटं' म्हणजे 'कृपया' लावायचं.

तिसरी गोष्ट, युरोपात 2014 च्या डिसेंबरपासून हॉटेलांना चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते. मेन्यूकार्डात पदार्थापुढे बारीक अक्षरं किंवा आकडे असतात. त्यांत अंडं, दूध, मासे आहेत, आणि सेलरीही आहे. या सेलरीचा कंद तिकडे सूपमध्ये सर्रास घालतात, म्हणून ते अक्षर आपल्या कामाचं आहे. कांदा-बटाटा मात्र त्या यादीत नाहीत. ते तोंडानंच विचारायचे.

चौथी गोष्ट चौविहाराची. बर्लिनला जून महिन्यात सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आत! हिवाळ्यात सूर्य सव्वाआठला उगवतो, म्हणजे जेवायला हातात जेमतेम पावणेआठ तास. पण जर्मन लोकांची जुनी रीत दुपारी गरम जेवण आणि संध्याकाळी लवकर, नुसता ब्रेड-चीज अशी आहे. दुपारचं जेवण पोटभर घ्यायचं, हे तिथे कुणाला विचित्र वाटत नाही. ज्यांचा रोज चौविहार होत नाही, त्यांनी निदान चतुर्दशीला तरी कॅलेंडर बघून करावा.

या सगळ्यात एक काम समान आहे. विचारणं. ओळख नसलेल्या, आपली भाषा, धर्म, नियम ठाऊक नसलेल्या माणसाला नम्रपणे सांगायचं, की मी हे खात नाही, कारण त्यात जीव जास्त मरतात असं आम्ही मानतो. माझ्या कानावर आलंय की बहुतेक वेळा तो माणूस आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. तो आचारी तुर्की असेल, व्हिएतनामी असेल, सीरियातून जीव वाचवून आलेला असेल. तो आपल्या मुलासाठी वेगळं पातेलं घेतो, वेगळी सुरी धुऊन घेतो. आपल्या मुलाचं व्रत त्या दिवशी त्याच्या हातानं पाळलं जातं.

मैत्रिणींनो, इथे माझं खरं म्हणणं आहे. मुलांना पाठवताना आपण दोन्ही खाती त्यांच्या बॅगेत भरतो. "काय खाशील ते बघ" हे सांगतो आणि दबक्या आवाजात "कुणाबरोबर, कुणाच्या हातचं" हेही सांगतो. पहिलं सांगायलाच हवं. तो अहिंसेचा वारसा आहे, आणि बर्लिनच्या थंडीतही तो जपता येतो. दुसरं मात्र आपल्या आगमातलं नाही. ते आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भीतीतून उचललं, आणि त्याच्यापायी वीरचंदभाईंना दुखावलं, भाऊरावांना बोर्डिंगबाहेर काढलं. शिवाय दुसरं ओझं दिलं की मुलं पहिलंही टाकून देतात. जाती-धर्माच्या मित्रांना टाळायला सांगणारी आई त्यांना जुनाट वाटते, आणि मग तिनं सांगितलेला बटाट्याचा नियमही जुनाट वाटू लागतो.

यंदा पर्युषणाच्या आधी आपल्या मंडळात परदेशी निघालेल्या मुलांसाठी एक दुपार ठेवू या असं मी सुचवते. केळ्याचा वडा, मुगाच्या डाळीचं धिरडं, टोमॅटोची कांद्याशिवायची ग्रेव्ही, पंधरा मिनिटांची खिचडी, एवढं मुलगे-मुली दोघांनाही करायला शिकवू. ते तीन जर्मन शब्दसमूह म्हणून घेऊ. आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शेजारी जो कुणी उभा असेल, त्याला आधी वाढायला सांगू. लक्ष्मीबाईंनी साताऱ्यात तेच केलं होतं.